घरबसल्या काम आहे!

(तृतीय वर्ष कला)

विरार लोकलने रोज ये-जा करणाऱ्या माणसाला वाचनाच्या दोन सवयी लागतात. एक, शेजारच्याच्या खांद्यावरून त्याचं वर्तमानपत्र वाचण्याची; आणि दुसरी, डब्याच्या पत्र्यावर चिकटवलेल्या चिठ्ठ्या वाचण्याची. पहिली सवय आता मोडत चालली आहे, कारण शेजारच्याच्या हातात वर्तमानपत्र नसतं, मोबाइल असतो. चिठ्ठ्या मात्र आहेत तशाच आहेत. एक मूळव्याधीवरच्या औषधाची, एक वशीकरण करणाऱ्या बाबांची, आणि या दोघांच्या मधोमध तिसरी : "घरबसल्या काम. महिना पंधरा ते तीस हजार. शिक्षणाची अट नाही. फक्त महिलांसाठी." खाली फोन नंबर. पत्ता कधीच नसतो.

'घरबसल्या' हा शब्द मला नेहमी गमतीचा वाटत आला आहे. आमच्या घरात मी कुठल्याच बाईला बसलेली पाहिलेली नाही. पहाटे पाणी येतं तेव्हापासून जे सुरू होतं ते रात्री ओटा पुसेपर्यंत. तरीही आमच्या वहिनीबद्दल कोणी विचारलं की आई अगदी सहज सांगून जाते, "ती घरीच असते."

आम्ही चंदनसारला राहतो. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. विरार स्टेशनला पूर्वेकडे उतरायचं, शेअर रिक्षात चौथी सीट म्हणून लटकायचं, आणि महामार्गाच्या दिशेने निघायचं. पाठीमागे जीवदानीचा डोंगर दिसत राहतो. एकेकाळी हे गाव होतं. 2009 साली वसई-विरार महानगरपालिका झाली, 2014 साली ठाण्यातून पालघर जिल्हा वेगळा निघाला, आणि आमचा पत्ता दोनदा बदलला. आम्ही मात्र तिथेच आहोत. जुनी कौलारू घरं, बैठ्या चाळी आणि त्यांच्या डोक्यावर सावली धरणाऱ्या सात मजली इमारती असा सगळा एकत्र संसार आहे.

वहिनी बी.कॉम. आहे. बाळ होण्यापूर्वी ती मालाडच्या एका ऑफिसात हिशेब लिहायला जात असे. बाळ झालं आणि ते सुटलं. सहा महिन्यांचं मूल ठेवून सकाळच्या लोकलने जायचं आणि रात्री साडेआठला परतायचं, तर मुलाला बघायचं कोणी? आई एका शाळेत पोषण आहार शिजवायला जाते. आजी पंच्याहत्तरीच्या पुढची, एका डोळ्याचा मोतीबिंदू काढलेला, दुसऱ्याचा काढायचा आहे. दादाच्या पगारातला मोठा वाटा घराच्या हप्त्याला जातो. गेल्या जूनमध्ये दादाच्या कंपनीने ओव्हरटाइम बंद केला आणि एके रात्री वहिनी मला म्हणाली, "मला काहीतरी काम बघून दे. घरून करता येईल असं. पण खरं हं."

'खरं' या शब्दावर तिने जोर दिला, त्याला कारण होतं.

आमच्या समोरच्या इमारतीत एक काकू राहतात. त्यांना मोबाइलवर काम मिळालं होतं : पेन्सिली डबीत भरायच्या. एका डबीत दहा. एका नामांकित पेन्सिल कंपनीचं नाव आणि शिक्का वापरून कोणा भामट्याने ती जाहिरात फिरवली होती. महिना 30,000, त्यातले 15,000 माल पोचताच आगाऊ! ओळखपत्रासाठी 620 रुपये भरा म्हणाले, ते भरले. ओळखपत्र आलंही, त्यावर काकूंचा फोटो आणि इंग्रजीत काहीबाही. मग मालाच्या वाहतुकीचे 1,850. मग कसल्याशा कराचे 2,450, हे परत मिळणार होते. मग पेन्सिलींनी भरलेला ट्रक निघाल्याचा फोटो आला. तो ट्रक अजून येतोच आहे. काकूंनी ही गोष्ट आपल्या यजमानांना सांगितलेली नाही. ते रात्रपाळीला वॉचमन असतात, आणि ते पैसे गावच्या देवीच्या जत्रेला जाण्यासाठी बाजूला ठेवलेले होते.

खरं म्हणजे पेन्सिली भरायला कारखान्यात यंत्रं असतात. पेन्सिलींचा ट्रक विरारला पाठवून त्या हाताने भरून घेण्यासाठी महिना तीस हजार देणारा कारखानदार आठ दिवसांत दिवाळं काढील. पण हा हिशेब सुचायला डोकं शांत लागतं, आणि घरात चणचण असली की ते शांत राहत नाही. फसवणारा नेमका तेवढाच शोधत असतो.

कॉलेजला सुट्टी होती. मी वहिनीसाठी शोध घ्यायचं ठरवलं. आठ-दहा दिवसांत तऱ्हेतऱ्हेची कामं समोर आली. एकजण हजार फॉर्म टाइप करून मागत होता, दहा दिवसांत, शंभरात नव्वद बिनचूक. न जमल्यास काय, हे करारात बारीक अक्षरात होतं. हा प्रकार आता पुष्कळांना ठाऊक झाला आहे. तुम्ही कितीही बिनचूक लिहा, चुका निघतातच, आणि मग वकिलाच्या नावाने नोटीस येते की करारभंगाबद्दल अमुक हजार भरा. घाबरलेली माणसं भरतात. दुसऱ्याकडे तर काहीच करायचं नव्हतं. मोबाइलवरच्या चित्रफितींना आवडल्याची खूण करायची, एका खुणेला 50 रुपये. पहिल्या दिवशी दीडशे रुपये खरोखर खात्यात येतात. त्यातच तर गोम आहे! मग "मोठं काम" हवं असेल तर आधी हजार भरायचे, मग पाच हजार, आणि भरलेले सोडवण्यासाठी आणखी भरायचे. लिहिता-वाचता येणारी, इंजिनिअर झालेली माणसंसुद्धा यात लाखांना बुडाली आहेत. (पैसे गेले तर 1930 या सरकारी क्रमांकावर लगेच फोन करावा. पहिल्या काही तासांत सांगितलं तर पैसे पुढच्या खात्यात अडवता येण्याची शक्यता असते. काकूंकडून मी हा फोन करवला, पण तोवर तीन आठवडे उलटले होते.)

मी हे सगळं जेवताना घरी सांगत होते. आजीला मोबाइलचं काही कळत नाही. ती ऐकत होती. मग म्हणाली, "अगो बाय, काम देणारा माल देतो. पैसे मागतो त्याला कामाला माणूस नको असतो, गिऱ्हाईक हवा असतो."

आजीला हे सांगण्याचा अधिकार आहे. ती स्वतः घरबसल्या काम करणारी होती, आणि तेही अठरा माणसांचं.

आजी रत्नागिरीकडची. लग्न होऊन लालबागला आली तेव्हा आजोबा गिरणीत होते. गावाहून एकटे आलेले कितीतरी कामगार एका खोलीत पाळीपाळीने झोपत, आणि जेवायला आजीसारखीच्या खानावळीत येत. खानावळ म्हणजे हॉटेल नव्हे. दहा बाय बाराची आमचीच खोली. पाळी बदलेल तशी पंगत बदले. पैसे महिन्याच्या पगाराला, तोवर सगळं उधार. वाण्याची उधारी फेडायला सावकार, सावकाराचं व्याज फेडायला गळ्यातली पोत. दिवसाला अठरा माणसं जेवू घालणारी ही बाई शिरगणतीत 'गृहिणी' म्हणूनच लागली असणार.

1975 साली प्रेमाताई पुरव यांनी गिरणगावातल्या अशा खानावळवाल्या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. बँका राष्ट्रीयीकृत होऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती, पण तारण ठेवायला काही नसलेल्या बाईला बँकेची पायरी कोण चढू देणार? मंडळाने बायकांचे गट केले, त्या एकमेकींना जामीन राहिल्या, आणि कर्ज मिळालं. आजी पुढे दोन वर्षांनी त्यात गेली. तिला विचारलं, त्यात सगळ्यात मोठी गोष्ट कोणती वाटली, तर कर्जाचं नाव तिने घेतलं नाही. म्हणाली, "माझं नाव कागदावर लागलं. धंदा असं लिहिलेलं, त्याच्यापुढे खानावळ."

18 जानेवारी 1982 रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. पंगतीतली माणसं महिन्या-दोन महिन्यांत गावाला निघून गेली. काहींची उधारी राहिली ती राहिलीच. आजोबा परत गिरणीत गेले नाहीत. लालबागची खोली विकून त्यांनी विरारला घर घेतलं. अशा रीतीने आम्ही विरारचे झालो. आमच्या आजूबाजूच्या कितीतरी घरांची कथा हीच आहे. विषयांतर झालं, पण आजीशिवाय हा लेख मला लिहिताच आला नसता.

आजीच्या त्या वाक्याचा पडताळा मी कॉलेजच्या ग्रंथालयात घेतला. घरून करायच्या कामाचं आपल्याकडचं सर्वांत प्रसिद्ध उदाहरण म्हणजे लिज्जत पापड. 15 मार्च 1959 रोजी गिरगावातल्या एका इमारतीच्या गच्चीवर सात बायका पापड लाटायला बसल्या. 80 रुपये उसने घेतलेले होते. पहिल्या दिवशी चार पाकिटं झाली. त्या सातजणींपैकी जसवंतीबेन पोपट यांना 2021 साली पद्मश्री मिळाली. आज संस्थेच्या 'बहिणी' 45,000 च्या आसपास आहेत. पद्धत पाहण्यासारखी आहे. बहीण पहाटे शाखेत जाते, आदल्या दिवशी लाटलेले पापड देते, ते तपासून वजन होतं, त्याची वणई म्हणजे लाटण्याची मजुरी मिळते, आणि आजचं भिजवलेलं पीठ घेऊन ती घरी येते. घरात स्वच्छता आहे का, पापड वाळवायला जागा आहे का, हे संस्था बघून जाते. नफा होतो तो बहिणींतच वाटला जातो, कारण मालकीण त्याच. पीठ संस्थेचं, हात बाईचे. पैसे एकाच दिशेने जातात, संस्थेकडून बाईकडे. आजीने वेगळं काय सांगितलं होतं?

वहिनीला मात्र ते काम जमण्यासारखं नव्हतं. त्यासाठी शाखा जवळ हवी, पहाटे निघायला हवं, आणि आमच्या गॅलरीत बाळाची दुपटी वाळवायलाच जागा पुरत नाही, तिथे पापड कुठे!

मग मी चंदनसारमध्येच फिरले. खरं सांगायचं तर इतकी वर्षं तिथे राहून मला ठाऊक नव्हतं की आमच्या मागच्या चाळींत जवळजवळ प्रत्येक दाराआड काहीतरी काम चालू असतं. वसई पूर्वेला वालीव, सातिवली, गोखिवरे या भागांत गाळ्यागाळ्यांतून लहान कारखाने आहेत. तिथला माल गोणीत भरून रिक्षाने चाळीत येतो. एका घरात शिवलेल्या शर्टांचे लोंबणारे धागे कापणं चालू होतं. एका घरात टिकल्या पाकिटावर चिकटवत होत्या. श्रावण जवळ आलेला, त्यामुळे एका ओसरीवर राख्यांचा ढीग होता, आणि शाळेतून आलेली पोरं दप्तर टाकून त्यातच बसलेली. सर्वांत जास्त काम खोट्या दागिन्यांचं. कानातल्याच्या खाचेत चिमट्याने खडा बसवायचा, डिंकाचा थेंब आधी, खडा नंतर. एका ग्रोसला, म्हणजे 144 नगांना, 14 रुपये. तिथल्या मावशी आणि त्यांची मुलगी दोघी मिळून तीन तासांत चार ग्रोस करत होत्या. मी मनात भागाकार केला. प्रत्येकीला तासाला दहा रुपयेही पडत नव्हते. त्यातून खडा तिरका बसलेले नग कापून घेतले जातात.

"मालक कोण?" मी विचारलं.

"ते नाही माहीत. माल ती पलीकडची बाई आणते."

पलीकडच्या बाईला विचारलं. तिलाही मालकाचं नाव ठाऊक नव्हतं, गाळ्याचा नंबर तेवढा माहीत होता. वहीत हिशेब आहे का? तर वही त्या बाईकडे, आणि तीही पेन्सिलीने लिहिलेली.

इथे माझी पंचाईत झाली. आजीच्या कसोटीला हे काम पुरेपूर उतरत होतं. माल ते देतात, पैसे मागत नाहीत, ठरल्या दिवशी देतात. कोणी कोणाला फसवत नाही. काम खरं होतं, पण बरं नव्हतं. वहिनीला मी कोणत्या तोंडाने सांगणार होते की खोटं काम महिना तीस हजार देतं आणि खरं काम तासाला दहा रुपये?

आमच्या अर्थशास्त्राच्या सरांना मी हे बोलून दाखवलं. त्यांनी मला विड्यांचं उदाहरण दिलं. सोलापूर, सिन्नर, संगमनेर या भागांत हजारो बायका घरी विड्या वळतात. पान, तंबाखू, दोरा कारखानदाराचा, वळणं बाईचं. वाईट म्हणून विड्या बाजूला काढण्यावरून रोजची भांडणं. त्यांच्यासाठी 1966 साली स्वतंत्र कायदा झाला, आणि घरी बसून वळणारी बाईसुद्धा कामगारच, असं त्यात स्पष्ट आलं. विडी नाकारल्यावरून तंटा झाला तर तो कोणापुढे न्यायचा, याचीही सोय होती. कारखानदार सर्वोच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने 1974 साली तो कायदा उचलून धरला. त्याच सुमारास, 1973 मध्ये, एका शिंप्याच्या दुकानाच्या खटल्यात त्याच न्यायालयाने म्हटलं की कापड घरी नेऊन शिवणारा कारागीरही दुकानाचा नोकर असू शकतो. कारण काम पसंत नाही म्हणून उसवून पुन्हा शिवायला लावण्याचा हक्क दुकानदाराकडे आहे. हा मुद्दा मला फार आवडला. खडा तिरका बसला म्हणून पैसे कापणारा गाळेवाला मग कोण झाला?

विड्यांचा तो जुना कायदा 2020 च्या कामगार संहितांत सामावला गेला, आणि त्या संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाल्या. 'घरून काम करणारा कामगार' याची व्याख्या आता सामाजिक सुरक्षा संहितेत आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने तर 1996 सालीच घरकामगारांसाठी करार केला; भारताने त्यावर अजून मोहोर उमटवलेली नाही. पण कायदा कितीही चांगला असला तरी आमच्या चाळीतल्या मावशींना तो कोणाच्या नावावर चालवायचा? विडीवालीला निदान कारखानदार कोण ते माहीत असतं.

तेव्हा मी आजीच्या कसोटीला एक पुस्ती जोडली. नुसता माल देणारा पुरत नाही. त्याचं नाव आणि दार आपल्याला ठाऊक हवं, आणि आपलं नाव त्याच्या कागदावर हवं.

वहिनीने शेवटी काम स्वतःच मिळवलं, तेही कुठल्या जाहिरातीतून नव्हे. बाळाला कडेवर घेऊन ती विरार पश्चिमेला कर सल्लागारांच्या पाट्या वाचत फिरली. सहा ठिकाणी नकार. सातव्या ठिकाणी त्या गृहस्थांना दुकानदारांची बिलं संगणकात चढवायला माणूस हवं होतं. त्यांनी तिथल्या तिथे वीस बिलं देऊन बघितली. बाळ टेबलावरचा स्टेपलर ओढत होतं. वीसही बिनचूक निघाली. महिना 6,500, बिलं घरी न्यायची, शनिवारी आणून द्यायची. जुना संगणक त्यांचाच.

वहिनी म्हणाली, "एक पत्र द्याल का? काम काय, पैसे किती, तारीख कोणती."

"अहो, घरचंच तर काम आहे. त्याला कागद कशाला?"

"घरचं आहे म्हणूनच," वहिनी म्हणाली, आणि उठली नाही.

पत्र मिळालं. आजीने ते एका डोळ्याने, लांब धरून, दोनदा वाचलं आणि आपल्या जुन्या पत्र्याच्या डब्यात ठेवायला मागितलं. त्या डब्यात तिचं मंडळाचं पुस्तक आहे.

ही गोष्ट समोरच्या काकूंच्या कानावर गेली आणि त्या आल्या. "माझ्यासाठी पण बघ ना गं काही." काकूंचं शिक्षण सातवी. हिशेबाचं काम त्यांना जमायचं नाही, आणि खडे बसवायला पाठवायला माझं मन होईना. त्यांचा हात मात्र शिवणाला छान आहे. नातवंडांची झबली त्या हातानेच शिवतात. म्हणून गेल्या आठवड्यात मी त्यांना घेऊन बाजारातल्या एका साडीच्या दुकानात गेले. तिथे साड्यांना फॉल लावायला बाहेर देतात. दुकानदाराने दर सांगितला आणि म्हणाला, आधी हात बघू. त्याने दोन साड्या, फॉल आणि दोऱ्याचं रीळ पिशवीत घालून काकूंपुढे ठेवलं. माझ्या सांगण्यावरून चिठ्ठीवर काकूंचं नाव, दोन साड्या आणि तारीख लिहून दिली. बुधवारी या, म्हणाला.

काकूंनी पिशवी उचलली नाही. पदराच्या टोकाला बांधलेली गाठ सोडत त्यांनी मला हळूच विचारलं, "यांना आधी किती भरायचे?"